जिलोचा रंग

उंबुराना गावच्या पाळणाघरात बारा पोरं होती, सगळी दोन वर्षांच्या आतली, आणि बाराही जणांचं एका बाबतीत एकमत होतं. हाताला लागेल ते आधी तोंडात घालायचं. बाहुलीचा पाय, चपलेचा पट्टा, शेजारच्याचा कान, काहीही. झुल्मीरा तिथं सोळा वर्षं स्वयंपाक करत होती आणि तिला यात काही वावगं वाटत नव्हतं. आपण शिजवतो ते पोरं खातात, बाकीचं ती आपापलं बघून घेतात, असा तिचा हिशेब होता.

पण सोमवारी तिच्याच नातीनं, दीड वर्षाच्या नायारानं, मूठभर निळा रंग खाल्ला.

रंग मार्लूसियानं आणला होता. ही मार्लूसिया फेब्रुवारीतच शिक्षिका म्हणून आलेली, चोवीस वर्षांची, पोरं तिला मावशी म्हणत. तिनं आरोग्य केंद्रात फोन करून तिथल्या नर्सला भंडावून सोडलं. नर्स म्हणाली, पाणी पाजा, काही होत नाही. झालंही नाही काही. नायारा निळे दात दाखवत हसत होती. पण मार्लूसियानं डबे उचलून कपाटात टाकले आणि कुलूप लावलं.

"अगं, डब्यावर लिहिलंय ना विषारी नाही म्हणून?" झुल्मीरा म्हणाली.

"विषारी नाही म्हणजे खायचं असं कुठंय, झुल्मीराबाई? खाली बारीक अक्षरात लिहिलंय, तीन वर्षांवरच्या मुलांसाठी. चूक माझीच. मी आधी मोठी अक्षरं वाचली."

"मग आता पंजे?"

मार्लूसियानं किल्ली खिशात टाकली. पंजे म्हणजे पाळणाघराची दरवर्षीची रीत. मे महिना लागला की इथल्या बायका दक्षिणेला कॉफीच्या तोडणीला जातात आणि सप्टेंबरात परततात. जाताना प्रत्येकीबरोबर पाळणाघर एक कागद देतं, लेकराच्या पंजाचा ठसा उमटवलेला. तिकडच्या मुक्कामाच्या खोलीत बायका तो आपापल्या खाटेमागच्या भिंतीवर चिकटवतात. लग्नाआधी झुल्मीराची लेक रोझिल्डा या कागदांची टर उडवायची. यंदा ती नायाराला सोडून पहिल्यांदाच जाणार होती, आणि आठवडाभर तिनं आईकडे दुसरं काही मागितलं नव्हतं.

"कपडे मी भरते, डबा मी करते," ती म्हणाली होती. "तू फक्त तिचा पंजा आण. शनिवारी सकाळी बस आहे."

झुल्मीरानं मान डोलावली, पण आतून तिला भरून आलं. ती स्वतः तोडणीला जायची तेव्हा ही रीत नव्हती. चार महिन्यांनी ती घरी आली तेव्हा छोट्या रोझिल्डानं तिला ओळखलंच नाही, शेजारणीच्या घागऱ्यामागे लपली. आणि लेकीचा हात केवढा होता हे झुल्मीरालाही तिकडे कधी नीट आठवलं नव्हतं. ते तिला अजून लागत होतं.

म्हणून मंगळवारी तिनं टेकडीवरची रंगीत माती सुचवली. गावातल्या कुंभारणी मडकी रंगवतात ती.

"तिथं कोंबड्या हिंडतात, कुत्री हिंडतात," मार्लूसिया म्हणाली. "पोटात जंत होतील. माझा एकच नियम. जे मी स्वतः चमचाभर खाणार नाही, ते पोरांपुढं ठेवणार नाही."

"असं म्हण की! मग रंगाचं काम स्वयंपाकघराचं झालं. आधीच विचारायचंस."

बुधवारी दोघी चुलीशी उभ्या राहिल्या. कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, पिठाची दाट खळ केली. लाल रंगाला शेंद्रीच्या बिया, पिवळ्याला हळद, गुलाबीला बीट, हिरव्याला पालेभाजीचा रस. झुल्मीरानं कॉफीकडे हात नेला तशी मार्लूसियानं तो धरला.

"कॉफी नको. दुपारी झोपणार नाहीत आणि मग मी रडेन."

"बरं. आणि निळा?"

"निळा कशाचा करायचा?"

"मलाच विचारतेस? निळं काही शिजवलेलं मी तरी पाहिलं नाही बाई." निळा रद्द झाला.

मार्लूसियानं प्रत्येक रंगाचा एकेक चमचा खाल्ला. दुसऱ्यांदा लाल खाल्ला, तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती. पण झुल्मीराचं कौतुक करण्यात ती विसरली, आणि झुल्मीरा कौतुक ऐकण्यात.

गुरुवारी नऊ वाजता बारा पोरं टेबलाशी बसवली. पुढं बारा कागद आणि बारा वाट्या. वाट्या त्याच, ज्यांतून रोज नऊ वाजता त्यांना खीर मिळते. रंग ऊन ऊन होता, कारण झुल्मीराला गार काही वाढवत नाही. आणि त्यात गूळ होता. सोळा वर्षं ज्या पातेल्यात ती खीर करत आली, त्यात तिच्या हातानं तिला न विचारता गूळ टाकला होता.

पाच मिनिटांत रंग संपला. कागद कोरे करकरीत. एकानं वाटी पुढं करून आणखी मागितला.

मार्लूसिया हसता हसता खाली बसली. झुल्मीराला मात्र हसू येईना. तिनं एक कोरा कागद उचलून पाहिला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उद्याचा एकच दिवस राहिला," ती म्हणाली. "माझ्या हातानंच घात केला."

"रडू नका हो. आपला रंग चुकला नाही, जरा जास्तच चांगला झाला. खाता येईल असा हवाच, पण खावासा वाटता कामा नये. असं काही आहे तुमच्याकडे?"

झुल्मीरानं डोळे पुसले आणि खिडकीबाहेर परसाकडे पाहिलं. जिलोची झाडं फळांनी लगडली होती. वांग्याच्या घरातलं हे इवलंसं हिरवं फळ, कारल्याइतकं कडू. थोरांना त्याच्याशिवाय जेवण जात नाही आणि लहानांना ते दाखवलं तरी रडू येतं.

शुक्रवारी खळ जिलोच्या पाण्यात शिजवली. गूळ झुल्मीरा मुद्दाम घरच्या कपाटात ठेवून आली. वाट्यांऐवजी डब्यांची झाकणं घेतली, रंग गार होऊ दिला. मार्लूसियानं चमचा तोंडात घातला. तिचा एक डोळा मिटला.

"कसं आहे?"

"भयंकर," ती म्हणाली. "अगदी हवं तसं."

अकरा पोरांनी एकेकदा बोट चाटलं, अकरा तोंडं वाकडी झाली, आणि मग मात्र नुसती धमाल. कागद रंगले, टेबल रंगलं, केस रंगले. पंजामागून पंजा उमटत गेला.

बारावी नायारा. तिनं लाल रंगात बुडवलेला हात तोंडात घातला, चाखला, आणि समाधानानं मान हलवली.

"अहो, ही खातेय!" मार्लूसिया ओरडली.

झुल्मीरानं कपाळावर हात मारला. घरी दर तिसऱ्या दिवशी जिलो असायचाच. दात यायच्या आधीपासून तिनं नायाराला घेवड्याच्या आमटीत जिलो कुस्करून भरवला होता. रोझिल्डालाही तसाच भरवला होता. या घराला कडू कळतच नव्हतं.

मग झटापट सुरू झाली. हात रंगात बुडवायचा आणि कागदावर यायच्या आत तो तोंडात जायचा. पाचदा झालं, सातदा झालं. रंग तळाला गेला. शेवटी मार्लूसियानं खिडकीत उभं राहून कोंबड्याचा आवाज काढला. नायारानं आ वासून तिकडे पाहिलं, तेवढ्यात झुल्मीरानं मनगट धरून हात कागदावर दाबला.

ठसा उमटला. तळवा स्पष्ट, चार बोटं स्पष्ट. अंगठ्याच्या जागी काही नाही. तो आधीच चाटून झाला होता.

"ब्रशानं रंगवून टाकू अंगठा," मार्लूसिया हळूच म्हणाली. "कुणाला कळणार आहे?"

झुल्मीरानं ब्रश घेतला, तळाचा उरलासुरला रंग लावला. मग कागदाकडे पाहत राहिली आणि ब्रश खाली ठेवला.

"अंगठा माझा होईल. रोझिल्डाला लेकीचा हवाय."

शनिवारी देवळापुढच्या चौकात बस लागली. रोझिल्डा खिडकीशी बसली. नायारा आजीच्या कडेवर होती आणि आईची ओढणी सोडायला तयार नव्हती. झुल्मीरानं कागद खिडकीतून वर दिला. रात्रभर तिला धाकधूक होती की लेक म्हणेल, एवढं एकच मागितलं होतं तुला.

रोझिल्डानं घडी उलगडली.

"आई, अंगठा कुठं गेला?"

"खाल्ला तिनं."

"खाल्ला?" रोझिल्डा फुटून हसली, आणि हसता हसताच रडू लागली. "बरं झालं. तिथं भिंतीवर बारा पंजे असतील. मला माझा लांबूनच ओळखू येईल." तिनं कागद नाकाशी नेला, थबकली, आणि लहानपणी करायची तशी हळूच कोपऱ्याला जीभ लावली. तिचे डोळे मोठे झाले. "आई! हा तर आपला जिलो!"

बस हलली. झुल्मीरा नायाराला सावरत दहा पावलं तिच्याबरोबर धावली.

"पुरवून चाट गं!" ती ओरडली. "सप्टेंबरपर्यंत पुरवायचाय!"