सुईच्या वाट्याचा डायोड

शुक्रवारी संध्याकाळी आत्याने ट्रक आवारात उभा केला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरण्याआधी केबिनमधला रेडिओ स्क्रू फिरवून सरळ काढून घेतला. चिमटी खिडकीतून हे बघत होती. रेडिओला आत्या कधी हात लावत नसे. ते चिमटीचं खातं.

चिमटी म्हणजे तिची भाची. वय पंधरा, इयत्ता दहावी. केसांत क्लिपऐवजी सोल्डरिंगचा चिमटा खोचून फिरायची, म्हणून ड्रायव्हर लोकांनी ठेवलेलं हे नाव घरच्यांनीही कधी उचललं ते कुणाला कळलं नाही. सोमवारी तिने आत्याचा हा जुना सीबी रेडिओ, म्हणजे ट्रकवाल्यांचा आपसात बोलायचा सेट, उघडून एक मेलेला डायोड बदलला होता. रेडिओ खणखणीत बोलायला लागला. चिमटीची कॉलर जी ताठ झाली ती झालीच. भोंगा नावाच्या ड्रायव्हरकाकांनी आपले दोन सेट तिच्या टेबलावर आणून टाकले, आणि तिने दारावर पाटी लावली : ‘जुने रेडिओ दुरुस्त होतील. हमखास.’ हमखास लाल रंगात.

“हे घे तुझं हमखास,” आत्याने रेडिओ टेबलावर ठेवला. आपटला नाही, ठेवला. ते जास्त वाईट होतं. “नवाच्या दगडापाशी समोर भोंगा. भरलेला. आणि मला त्याचं एक अक्षर ऐकू आलं नाही.”

खाणीकडे जाणारा रस्ता चौदा किलोमीटरचा आणि जेमतेम एका ट्रकच्या रुंदीचा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि फोनला रेंज नावालाही नाही. म्हणून तिथली एक रीत ठरलेली. किलोमीटरचा दगड ओलांडला की रेडिओवर बोलायचं. “सहा, रिकामी, वर.” “अकरा, भरलेली, खाली.” भरलेली गाडी थांबत नाही. रिकामीने ऐकायचं, हिशोब करायचा आणि कड्यात कोरलेल्या रुंद जागेत वेळेवर घुसून उभं राहायचं. सगळा रस्ता असा कानांवर चालतो.

“मग गं?”

“मग काय! शेवटच्या वळणावर त्याचा हॉर्न आणि रेडिओतला आवाज एकदमच आले. अर्धा किलोमीटर मागे घेतली. रिव्हर्समध्ये, दरीच्या कडेकडेने. भोंगा म्हणे तेरापासून ओरडत होता.”

“पण आपण तपासला होता ना! आवारातच, त्यांच्याच ट्रकवरून! स्वच्छ ऐकू आलं होतं.”

“भोंगा वीस पावलांवर उभा होता, चिमटे,” आत्या म्हणाली. “त्याला ऐकायला रेडिओ कशाला लागतो?”

एरवी यावर दोघी पोट धरून हसल्या असत्या.

“आता ऐक. रविवारी सकाळी सातची फेरी आहे. तोवर याला कान आले तर ठीक. नाहीतर मी नवा सेट बसवते, भोंग्याचे सेट तू न उघडता परत करतेस, आणि ती पाटी उतरवतेस. हौस म्हणून शाळेच्या प्रयोगवहीत काय ते कर. माणसांचे जीव असतात त्या डब्यात तुझा हात नको.”

चिमटी रडली नाही. तिने चिमटा केसांतून काढला आणि झाकण उघडलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला सर्किटचा नकाशा चिकटवलेला होता, कडांना कुरतडलेला पण शाबूत. त्यावर तिने बोट ठेवलं. तांदळाच्या दाण्याएवढा हा काचेचा डायोड म्हणजे रिसीव्हरचं दार. अँटेनातून आलेल्या गोंधळातून बोलणं वेगळं होतं ते इथे. जुना होता जर्मेनियमचा. जरा धक्का दिला की उघडणारा. तिने बसवलेला होता सिलिकॉनचा, नवाकोरा, नारिंगी आणि दुप्पट ताकद मागणारा. वीस पावलांवरचा भोंगा दार ढकलून आत आला. दरीपलीकडचा भोंगा मात्र दारावर टकटक करून बिचारा माघारी गेला.

“आत्या!” ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. “चूक माझी आहे. दार जड बसलं. हलकं दार आणते.”

“दार नको,” आत्या मागे न बघता म्हणाली. “रेडिओ आण.”

शनिवारी अर्धी शाळा. चिमटी दप्तरात मीटर घेऊन तडक इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत पोचली. पहिलं दुकान तेच, जिथून तो नारिंगी डायोड आला होता.

“डायोड म्हणजे डायोड, बाळ,” दुकानदार म्हणाला. “तुझा तो जुना नंबर आता बनत नाही. हाच सगळीकडे चालतो.”

“मग काका, तुमचा चष्मा काढा आणि माझा लावा. चष्मा म्हणजे चष्मा.”

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

दुसऱ्या दुकानात मात्र लाल गालिचाच अंथरला गेला. “जर्मेनियम? अस्सल आहेत. शेवटचे पाच. तुझ्या नशिबाने राहिले बघ!” मालकाने कागदाची पुडी अशी उघडली, जणू आत मोती आहेत. काच होती, वरचा नंबरही बरोबर होता. चिमटीने मीटर काढला, त्याचं बटण डायोडच्या खुणेवर फिरवलं आणि दोन टोकं लावली. दार उघडायला किती व्होल्ट लागतात ते मीटर सांगतो. जर्मेनियम असता तर शून्य पॉइंट तीनच्या आत आकडा यायला हवा होता. आला शून्य पॉइंट पाच नऊ. दुसऱ्याचाही तोच. पाचव्याचाही तोच.

“अस्सल आहेत काका,” ती म्हणाली. “अस्सल सिलिकॉन.”

“तुझा मीटर बिघडलाय.”

“मग तुमचा आणा की.”

मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला खोकल्याची उबळ आली. मालकाने आपला मीटर आणला. तोही शून्य पॉइंट पाच नऊ म्हणाला. पुडी निमूट बंद झाली.

आठवडाभरापूर्वीची चिमटी हे बोलायला धजलीच नसती. मोठ्या माणसाने सांगितलं म्हणजे बरोबर, असं ती मानत आली होती, म्हणून तर तो नारिंगी गळ्यात पडला होता. आता तिला दुकानदारांपेक्षा आकड्यावर जास्त भरवसा होता, आणि हे कळल्यापासून पाय जमिनीवर ठरत नव्हते.

गल्लीच्या टोकाला एका मावशींचं दुकान होतं. डोळ्यावर भिंग चढवून त्या टेपरेकॉर्डर पोखरत बसल्या होत्या. चिमटीने सगळं एका दमात सांगितलं, आपली चूकही लपवली नाही.

“आवारात तपासलास होय!” मावशींनी भिंग वर केलं. “बरं झालं दरीत गेलं नाही कुणी. माझ्याकडचे जर्मेनियम संपले गं. शॉट्की नावाचा चालेल, तोही हलका असतो. पण मागवायला आठवडा.”

“मागवा. पण मला उद्या सकाळी सातला हवा.”

“मग माझ्याकडे काय बघतेस? तुझ्या सेटमध्ये बघ. त्या काळात हे डायोड मूठ-मूठ वापरायचे लोक. एका सेटमध्ये एकच डायोड, असं मी तरी कधी पाहिलं नाही.”

चिमटी उडालीच. दोन पावलं बाहेर गेली तोच मावशींचा आवाज आला, “अगं थांब! त्याला गरम सोसत नाही. डाख देताना त्याचा तारेचा पाय चिमट्यात धर, उष्णता चिमट्याने खायला हवी. आहे का चिमटा?”

चिमटीने डोक्यातून चिमटा काढून दाखवला. मावशींनी कपाळाला हात लावला, तो भिंगावर आपटला.

घरी येऊन तिने नकाशावरून बोट फिरवलं. त्याच नंबरचे आणखी तीन! दोन होते इंजिनाचा कडकडाट छाटणाऱ्या भागात. ते हलवून चालणार नव्हतं, ट्रकमध्ये नुसता कडकडाटच ऐकत बसावं लागलं असतं. तिसरा जात होता समोरच्या सुईकडे, जी आवाज किती जोरात येतोय ते दाखवते. त्याचा एक पाय सोडवून तिने मीटर लावला. शून्य पॉइंट दोन आठ. चिमटीने टेबलाभोवती एक गिरकी घेतली. मग मात्र थांबली. ती सुई आत्याची लाडकी होती. पिवळ्या उजेडात डोलणाऱ्या त्या सुईकडे बघत आत्याने अर्धी नोकरी काढली होती. न विचारता काढायचा? छे.

“आत्या, सुईचा डायोड कानाला देते. सुईला तो नारिंगी.”

“म्हणजे सुई मेली?”

“मरणार नाही गं. सुस्त होईल. जोराचा आवाज असला तरच हलेल. मावशींकडून माल आला की तिलाही जागी करते.”

आत्याने सुईच्या काचेवरची धूळ अंगठ्याने पुसली. “दरीत मला सुई वाचवणार आहे का? काढ.”

चिमटीने पाय चिमट्यात धरला, श्वास रोखला आणि डाख दिला. डायोडवरची पट्टी कुठल्या बाजूला ते दोनदा तपासलं, मग उगाच तिसऱ्यांदाही. रेडिओ सरसरला.

“चल, आवारात बघू या,” आत्या म्हणाली.

“आवारात नाही!” चिमटी अशा आवाजात म्हणाली की आत्याच दचकली. “मी येणार उद्या. दोनाच्या दगडापाशी रुंद जागेत उभं राहायचं. कड्यापलीकडून कुणी बोललेलं ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही. ऐकू आलं नाही, तर ट्रक तिथूनच वळवायचा आणि पाटी मी स्वतः उतरवते.”

आत्याने मान डोलावली. भुवई मात्र वर गेली होती.

रविवारी सातला दोघी दोनाच्या दगडापाशी उभ्या होत्या. इंजिन मुद्दाम चालू ठेवलेलं, कडकडाटही परीक्षेत धरायचा म्हणून. एवढ्यात वरून खाणीच्या उंच मनोऱ्यावरचा मोठा सेट गरजला, “भोंगा निघाला, भरलेला!” सुई टुणकन उडाली.

“हा धरायचा नाही,” चिमटी म्हणाली. “हा परवाही ऐकू येत होता.”

मग नुसती सरसर. एक मिनिट, दोन, पाच. एव्हाना तेराचा दगड गेला असणार. बाराचाही. चिमटीने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.  ती मनाशी म्हणत राहिली : आकडा बरोबर होता. शून्य पॉइंट दोन आठ. आकडा बरोबर होता.

“...करा, भरलेली, खाली.”

दोऱ्यासारखा बारीक आवाज. सुई ढिम्म. आत्या रेडिओवर वाकली.

“दहा, भरलेली, खाली.” आता अक्षर न् अक्षर.

“आत्या! दहा!”

“ऐकलं. बहिरी नाही मी.” आत्या गालात हसत होती. “बारा-तेरा इथून कुणालाच ऐकू येत नाही. मधे सुळका आहे.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“तू बटण पिळत होतीस ते बघत होते. नवाच्या दगडापाशी मला कसं झालं असेल, ते कळू दे म्हटलं जरा.” तिने माइक उचलला. “दोन, रिकामी, उभी. ऐकू येतोयस, भोंग्या, दहापासून.”

पलीकडून जोरात हसू. “दहापासून? मग माझे सेट कधी मिळणार विचार तिला!”

आत्या माइक हातात धरून चिमटीकडे वळली. “तो विचारतोय. काय सांगू?”

चिमटीने ताठ बसत केस मागे सारले.

“बुधवारी. आणि म्हणावं तपासणी इथेच, बोलायचं दहाच्या दगडावरून.”

आत्याने तसंच्या तसं सांगितलं. थोड्या वेळाने दगडांनी भरलेला ट्रक हलके हलके शेजारून खाली गेला, आणि आत्याने गिअर टाकला.