फुटक्या भांड्यांची दफनभूमी

शनिवारी सकाळी व्हर्डेल पिटमन माउंट झायनच्या दफनभूमीत पोचली आणि तिथली स्वच्छता बघून जागीच थांबली.

पाइनच्या सुया झाडून नेल्या होत्या, काटेरी जाळ्या छाटल्या होत्या, लाल माती केस विंचरावेत तशी सारखी केली होती. रस्त्याच्या कडेला सरकारनं मंजूर केलेला नवा लोखंडी फलक कापडाखाली झाकलेला होता. उद्या, रविवारी, चर्चच्या वार्षिक मेळाव्याला त्याचं अनावरण व्हायचं होतं. हे सगळं ठीक होतं. पण कबरींवर काहीच नव्हतं. कप नाही, घड्याळ नाही, शिंपले नाहीत, काही नाही.

माउंट झायनच्या माणसांना दगड परवडत नसत. अलाबामाच्या या कोपऱ्यात कापूस वेचून पोट भरणाऱ्या माणसानं संगमरवर आणायचा तरी कुठून? म्हणून कुणी गेलं की त्यानं शेवटची हाताळलेली वस्तू कबरीवर ठेवायची आणि ठेवण्याआधी ती फोडायची. फोडायचा मान थोरल्या लेकराचा. वस्तू अखंड राहिली तर घरातलं आणखी कुणी तरी मागोमाग जातं, असं सगळे मानत. सुईणीचा फुटका तांब्या, शाळामास्तरची लोलक काढलेली घंटा, ट्रक चालवणाऱ्याच्या गाडीचा तडकलेला दिवा. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही इथं कोण कुठं झोपलंय ते कळायचं.

व्हर्डेलच्या आईवर, नेटीवर, निळ्या एनॅमलची किटली होती. व्हर्डेल सहा वर्षांची असताना बापानं तिच्या हातात हातोडा देऊन, वरून स्वतःचा हात धरून, त्या किटलीच्या बुडाला भोक पाडलं होतं. उभी हयात डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात काढून ती म्हातारपणी गावी परतली ती या किटलीसाठीच. तिच्या हृदयाबद्दल डॉक्टर जे म्हणाला ते तिनं फक्त भाचीला सांगितलं होतं, आणि त्यासोबत एकच मागणं केलं होतं: मला माझ्या आईच्या कुशीला ठेवा, बाकी काही नको.

ती भाची, रोशेल, आता हातमोजे काढत हसत पुढं आली. व्हर्डेलच्या सावत्र भावाची, थर्मनची ही मुलगी. बर्मिंगहॅममध्ये वाढलेली, तिथंच शाळेत मुख्याध्यापिका. फलकासाठी तीन वर्षं सरकारदरबारी चपला झिजवल्या होत्या त्या तिनंच.

"कशी दिसतेय जागा, आत्या? काल आमचं बर्मिंगहॅमचं अख्खं मंडळ राबलं."

"किटली कुठाय?"

"कुठली किटली?"

"तुझ्या आजोबांनी भोक पाडलेली."

"ती निळी, गंजकी? अगं, इथं काय कचरा होता, तुला कल्पना नाही. फुटके कप, बाटल्या, मोटारीचा दिवासुद्धा. इतकी वर्षं लोक येऊन कचरा टाकतायत आणि कुणी हूं की चूं करत नाही. ट्रेलर भरला आमचा."

व्हर्डेलच्या जिभेला हाड नव्हतं हे सगळी काउंटी जाणून होती. पण या वेळी ती मटकन एका ओंडक्यावर बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून समोर बघत राहिली. शिव्या बसल्या असत्या तर रोशेलला परवडलं असतं. मग व्हर्डेलनं तिला सगळं सांगितलं, अगदी हळू आवाजात, कोण, काय आणि का फोडलं ते. ऐकता ऐकता रोशेलच्या हातातले हातमोजे गळून पडले.

तिनं जाऊन फलकावरचं कापड वर केलं आणि आपणच लिहिलेला मजकूर वाचला. गुलामीतून सुटलेली माणसं आणि त्यांची लेकरंबाळं इथे विसावली आहेत. बहुतेक कबरींवर निशाणी नाही.

"हं," व्हर्डेल मागून म्हणाली, "काल दुपारपर्यंत खोटं होतं ते. आता खरं झालं."

"मी हे बदलून घेते. ही ओळ काढायला लावते."

"लोखंड आहे ते, बाई, खडूनं लिहिलेलं नाही. राहू दे. आधी ट्रेलर कुठाय ते सांग."

नशीब एवढंच की काउंटीचा कचरा डेपो शुक्रवारी लवकर बंद होतो. ट्रेलर चर्चच्या मागे तसाच उभा होता. चर्चचा कारभार बघणारे डीकन लूमिस डोळ्याला पट्टी लावून धावतपळत आले. हे व्हर्डेलचे शाळासोबती. बापापासून चालत आलेलं कबरी खणायचं काम त्यांनी गुडघे जाईपर्यंत केलं होतं.

"दोन दिवस माँटगोमेरीला काय गेलो," ते ट्रेलरमध्ये डोकावत म्हणाले, "मोतीबिंदू काढून घेतला तो हे बघायला?"

"डोळा झाकलेलाच ठेव मग," व्हर्डेल म्हणाली. "आणि टेबलं काढ बाहेर."

चर्चमागच्या झाडाखाली, जिथं उद्या तळलेली कोंबडी आणि रताळ्याचे गोड पदार्थ मांडायचे होते, त्या लांब टेबलांवर आज मेलेल्यांचा संसार मांडला गेला. फोन गेले. मेळाव्यासाठी मोबील, अटलांटाहून आलेली मंडळी दुपारपर्यंत गोळा झाली. कुणी कपाची कड बघताच तोंडावर हात ठेवला. दोन म्हातारे भाऊ मोटारीच्या दिव्यावरून हमरीतुमरीवर आले. फोर्डचा दिवा आमच्या बाबांचा, शेव्हरोलेचा तुमच्या काकांचा, यावर अर्धा तास गेला. ज्यांचं मागे कुणीच उरलं नव्हतं त्यांच्या वस्तू हातात घेऊन व्हर्डेल आणि डीकन रांगांमधून फिरत होते.

"केटो सिम्सचं घड्याळ इथं ठेवू?" रोशेलनं विचारलं.

"ओरा बीलच्या शेजारी? काही तरीच काय. गाईवरून कोर्टात गेले होते दोघं."

"आता मेल्यावर काय भांडणार, आत्या?"

"मेल्यावर तर वेळच वेळ आहे. त्याला तिकडं, वरच्या रांगेत ने. तो तिथलाच."

असं करत करत, ऊन कलेपर्यंत बहुतेक वस्तू आपापल्या जागी गेल्या. व्हर्डेलनं स्वतःची किटली मुद्दाम शेवटी ठेवली होती. तिला घाई नव्हती, कारण तिला जागा डोळे मिटूनही सापडली असती. जुन्या ओकच्या दोन मुळांच्या बेचक्यात किटलीच्या बुडाचा गंज मातीत गोल उमटला होता. झाडूनंही तो गेला नव्हता. ती वाकली, बोटानं तो गोल चाचपला, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिच्या छातीवरचं ओझं उतरलं.

"थांब," डीकन म्हणाले. "आलोच आहे तर सळई घालून बघतो. तुझ्या बाजूला जागा किती आहे ते कळेल."

त्यांची सळई म्हणजे मूठ असलेली लांब लोखंडी काठी. कधीही न खणलेली माती तिला आत घेत नाही, एकदा खणलेली माती शंभर वर्षांनीही घेते. त्यांनी गोलाच्या डावीकडे सळई टेकवली आणि ती सुळकन आत गेली. उजवीकडे टेकवली, तिथंही गेली. मग नेमकी गोलाच्या खाली दाबली, तर टणक. पुन्हा पुन्हा करून बघितलं. एका खाटेवर दोघी झोपाव्यात इतक्या जवळ दोन कबरी होत्या, आणि किटली त्यांच्या बरोबर मधे होती.

"मुळं वाढली," डीकन म्हणाले. "वर्षानुवर्षं थोडं थोडं ढकललं असणार तिला. कुठून ढकललं ते मात्र देवाला ठाऊक. नेटी कुठली, व्हर्डेल? डावी की उजवी?"

 आयुष्यभर व्हर्डेल किटलीकडेच बघत आली होती. जमिनीकडे बघायची वेळच आली नव्हती.

"आणि दुसरी कोण?" रोशेलनं विचारलं.

डीकननी एकदा व्हर्डेलकडे बघितलं. मग ते म्हणाले, "तुझी आजी. अर्झुला. थर्मनची आई. माझ्या बापानं खणली होती ती."

"आजी तर कुंपणापाशी आहे," रोशेल म्हणाली. "आत्यानंच दाखवलंय मला. मी दर वर्षी तिथं फुलं ठेवते."

 मग रोशेल आत्याकडे वळली.

"तू म्हणाली होतीस कुंपणापाशी."

"म्हणाले होते."

"तिथं कोण आहे?"

"कुणी नाही."

"का, आत्या?"

"माझ्या आईच्या उशाशी तिची फुलं नको होती मला," व्हर्डेल म्हणाली. "एवढंच. दुसरं काही कारण नाही."

रोशेल आरडाओरडा करणाऱ्यातली नव्हती. तिनं फक्त विचारलं, "आजीवर काय ठेवलं होतं? ते तरी टेबलावर असेल ना?"

"काही नव्हतं," डीकन म्हणाले. "थर्मन फौजेत, समुद्रापार. आणि ते काम थोरल्याचं. थोरली डेट्रॉइटला होती."

थोरलीला कारखान्यातून रजा मिळाली नव्हती, असं तेव्हा गावात सगळ्यांना सांगितलं गेलं होतं. थोरलीनं रजा मागितलीच नव्हती. रोशेल किटली उचलून टेबलावर ठेवून आली आणि गाडीत जाऊन बसली. तिनं व्हर्डेलला घरी सोडलं आणि गाडी वळवून निघून गेली.

रविवारी उजाडताच व्हर्डेलनं मेळाव्यासाठी बिस्किटं करायला घेतली. पिवळ्या मातीच्या जाड वाडग्यात मैदा घेतला, लोणी चुरलं, ताक ओतलं. हा वाडगा मिस अर्झुलाचा. ती गेल्यावर शेजारणीनं तो चिंध्यांत गुंडाळून डेट्रॉइटला पाठवला होता. 'हा थोरलीला द्या' असं अर्झुलाच सांगून गेली होती म्हणे. व्हर्डेलनं तो ठेवून घेतला, कारण वाडगा चांगला होता, आणि रविवारमागून रविवार त्यात पीठ मळलं.

नेटीला जाऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हा अर्झुला घरात आली. पहिल्याच दिवशी तिनं पोरीला याच वाडग्याजवळ उभं केलं आणि सांगितलं, "तुझी आई तिकडं ओकखाली आहे. मला मिस अर्झुला म्हण, तेवढं पुरे." पोरीला वाटलं, तोंडावर दार लावलं. ते दार तिनंही मग आतून कडी घालून जन्मभर लावून ठेवलं. आज बोटांना पीठ लागलेलं असताना तिला वाटलं, ही बाई 'आई म्हण' असं म्हणाली असती तर बापानं पट्टा काढून म्हणायला लावलं असतं. ती तसं म्हणाली नाही. आईची जागा मागितलीच नाही तिनं. सत्तर वर्षांत हे एकदाही आपल्या डोक्यात का आलं नाही, याचं व्हर्डेलला फार वाईट वाटलं, आणि ती ओट्याला धरून थोडा वेळ रडली.

बिस्किटं मात्र तिनं नीट भाजली. मग वाडगा धुतला, पुसून कोरडा केला, एप्रनमध्ये गुंडाळला आणि खणातला हातोडा पर्समध्ये टाकला.

दफनभूमीत रोशेल एकटीच खुर्च्या मांडत होती. व्हर्डेलनं टेबलावरची किटली घेतली आणि ओकखाली जाऊन गंजाच्या गोलावर होती तशी ठेवली. मग हाक मारली.

"रोशेल, इकडं ये. तुझ्या आजीचं काम आहे."

रोशेल आली. एप्रनमधला वाडगा बघून तिला कळलं.

"हा तर तू दर रविवारी वापरतेस."

"तिनं शेवटचं मळलं ते यातच. मी आपली मधे वापरत होते."

"कुणाची कबर कुठली ते तर कळलंच नाही, आत्या. तुला कुठं ठेवायचं मग?"

"दोघींच्या पायथ्याशी, आडवी. डीकनला सांगून ठेवलंय, तो म्हणाला जागा होते." व्हर्डेल कण्हत गुडघ्यांवर बसली. "हात दे. नाही, हातोडा नको घेऊस. ते तुझं काम नाही. मला धर फक्त."

पहिला घाव निसटला. वाडगा जाड होता, चांगल्या हातानं केलेला. दुसऱ्या घावाला रोशेलनं तिचा खांदा घट्ट धरला. तिसऱ्या घावाला वाडगा खळकन दुभंगला. व्हर्डेलनं दोन्ही तुकडे उचलून किटलीला लागून ठेवले, पोटाची बाजू वर करून. रोशेलनं आणलेली झिनियाची फुलं दोघींनी मिळून तिथंच ठेवली.

ठेवताना ज्याचं आहे त्याला हाक मारून सांगायचं असतं. व्हर्डेलनं आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, आणि मग मधे, तुकड्यांकडे बघत बोलली.

"मिस अर्झुला, तुमचा वाडगा आणलाय. उशीर झाला. मीच फोडलाय, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तुमच्या थोरलीनं फोडलाय."