सीटखालचे शॉकअप

तिने तिसऱ्या क्रूझर मोटारसायकलखाली हात घालून वेल्डिंगचा जोड चाचपला. खोट निघाली असती तर तिला हवीच होती. निघाली नाही.

पहिल्या दोन गाड्या तिने झटपट पाहिल्या होत्या. पहिलीची फ्रेम ताठ, मागे धक्के झेलणारे शॉकअपच नाहीत. दिसायला देखणी, पण तासाभरात पाठीचा भुगा. दुसरीला मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना उभे शॉकअप. बसायला गादी, पण दिसायला कुबड्या लावल्यासारखी. ही तिसरी दिसायची पहिलीसारखी आणि चालायची दुसरीहून मऊ, कारण शॉकअप सीटखाली, पार गिअरबॉक्सच्या पोटाशी आडवे लपवलेले होते.

ती युक्ती तिच्या दादाची. आठ वर्षांपूर्वी त्याच्या वर्कशॉपमधल्या भागीदाराने ती स्वतःच्या नावावर खपवली आणि दादाला बाहेर काढले. तेव्हापासून दादा पाण्याचे पंप दुरुस्त करत होता आणि त्या विषयावर चकार शब्द काढत नव्हता. ती मात्र काहीही विसरली नव्हती. या स्पर्धेचे परीक्षकपद तिने याच दिवसासाठी मागून घेतले होते.

ती उठली. भोवती पन्नासेक माणसे जमली होती. भागीदार रुमालाने आपल्या या गाडीची टाकी पुसत होता.

"खड्डा आला, मागचं चाक वर गेलं," ती म्हणाली. "तुमचा शॉकअप आखडतो की लांब होतो?"

कुणीही म्हणेल, आखडतो. इथे उलटे होते, आणि ते का, हे ज्याने डोके लढवले त्यालाच सांगता येणार होते. त्याचा चेहरा पडायची ती वाट पाहत राहिली.

"लांब होतो," भागीदार म्हणाला. मग कोपर वाकवून त्याने दाखवले, की चाकाचा दांडा वर गेला की त्याचे बिजागरीखालचे टोक मागे सरकते आणि शॉकअपला ओढते. कोपर, मनगट, शेवटचा तो हलकासा झटका, सगळे थेट दादाचे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती त्याच्या जवळ गेली.

"हे कुणी शिकवलं?"

त्याने रुमालाची घडी घातली. "तुझ्या दादानं. परवा स्वतःहून आला होता. म्हणाला, ती नेमकं हेच विचारेल."

तिच्या हातातला गुणांचा कागद दुमडला गेला. तिने विचारले, "बदल्यात काय मागितलं त्यानं?"

"काही नाही. तुला सांगू नको, एवढंच."

"तेवढंही नाही जमलं तुम्हाला."



तिने कागद टाकीवर ठेवून सरळ केला आणि तिसऱ्या गाडीला पैकीच्या पैकी गुण दिले. वर, गाडी घडवणाऱ्याच्या रकान्यात, भागीदाराचे नाव होते. त्यावर तिने एक रेघ ओढली, शेजारी दादाचे पूर्ण नाव लिहिले आणि कागद भागीदाराकडे वळवला.

"खाडाखोड झालीय. इथं तुमची सही लागेल."

माणसे पाहत होती. त्याने शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचे.

तिने आपले पेन पुढे केले.