घट्ट हाताचा रुमाल

"टाचण्या संपल्या," पुष्पावती गुडघ्यांवर बसूनच म्हणाली. "आनखी दहा तरी लागतील. कुनाच्या पदराला पिना आसतील तर द्या काढून."

रतनबाईंनी आपल्या खांद्यावरची पिन काढून तिच्या पुढ्यात टाकली आणि पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. "साडेनऊ झाले, पुष्पाताई. दहाला करनची आई, आपली इहीन, रुखवत बघाया येनार. लाडू मांडून झाले, करंज्या झाल्या, बाहुल्या झाल्या. ह्यो तुमचा रुमाल तेवढा आडून बसलाय."

रतनबाई म्हणजे नवरीची, रेश्माची आत्या. लग्नघरात एखादी बाई अशी असतेच, जी नसली तर काहीच होत नाही आणि असली की कोणालाच काही करू देत नाही. नेवाशाच्या त्या मंगल कार्यालयात पहाटेपासून त्यांचाच आवाज घुमत होता. पुष्पावती नवरीची मावशी. ती घोडेगावहून पहिल्या एसटीनं आली होती, पिशवीत एक साडी, एक इस्त्री आणि हा रुमाल घेऊन.

नवरीच्या खोलीतल्या गादीवर टॉवेल अंथरून तिनं रुमाल ओलसर करून ताणला होता आणि कडेनं टाचत आणला होता. दोन हात लांब, दोन हात रुंद, लाल लोकरीचा, क्रोशानं विणलेला. चौकोनी म्हणायचा, पण चौकोनी नव्हता. खालचा अर्धा भाग आखडून आत ओढला गेला होता, त्याचे कोपरे सुरळीसारखे वळत होते. वरचा अर्धा सैल पसरला होता. कारण सोपं होतं. खालचा भाग रेश्माच्या आईनं, सवितानं विणला होता. वरचा पुष्पावतीनं.

सविताचा हात घट्ट. लहानपणी दोघी बहिणी एकाच शिवणबाईंकडे क्रोशा शिकल्या, पण सविता टाका असा आवळायची, की त्यात सुई पुन्हा शिरायला मारामार. पुष्पावतीचा हात आधीच सैल, त्यात तिचं लग्न झालं घोडेगावच्या अजिनाथशी. अजिनाथ बैलबाजारात बैलांच्या तोंडाला बांधायच्या म्होरक्या, घुंगरमाळा, गोंडे विकतो. तीस वर्षं ती बैलांच्या कपाळावरचे गोंडे करत आली. गोंडा फुलायला हवा, आवळून चालत नाही. तिच्या हाताला ती सैल सवय कायमची लागली.

गेल्या वर्षी सविताला दवाखान्यात नेलं, तेव्हा रुमाल अर्ध्यावर आला होता, हातातली ओळही अर्धीच झाली होती. शेवटच्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवून तिनं तो बहिणीकडे दिला. "बाई, माझ्या पोरीच्या रुखवतात ह्यो दिसला पायजे," एवढं बोलली. पंधरा दिवसांनी ती गेली. त्यानंतर चार महिने, गोंड्यांचं काम आटोपलं की पुष्पावती रुमाल मांडीवर घ्यायची आणि विणता विणता सविताशी बोलायची. बाजारात आज कोण आलं, बैल कितीला गेला, असलंच काहीबाही. शेवटची ओळ संपली त्या दिवशी तिला रडू आलं होतं, आणि अजिनाथला ती म्हणाली होती की कांदा चिरत होते.

आता हा वाकडा रुमाल सरळ करायचा होता. सुती असता तर पाण्यानं ताणून वाळवला की काम झालं असतं. ही लोकर नकली धाग्याची, पाण्याला दाद देत नाही. तिला वाफ लागते, आणि वाफ म्हणजे फक्त वाफच. ओलं फडकं टाकून वरून हलकेच गरमी द्यायची, मग टाचण्यांसकट थंड होऊ द्यायची. जास्त गरमी बसली की लोकर मरते. टाक्यातली फूग जाते, चकाकी येते, आणि एकदा मेलेली लोकर पुन्हा जिवंत होत नाही. पुष्पावतीला हे पाठ होतं. घरीच हे काम उरकायचा तिचा बेत होता, पण गावातला ट्रान्सफॉर्मर दोन दिवस जळून पडला होता. म्हणून इस्त्री बरोबर आणावी लागली.

"आदी माजं करते, मग तिचं," ती म्हणाली. जे काही चुकायचं ते आपल्या भागावर चुकलेलं बरं, असा तिचा हिशेब.

"कुनाचंबी करा, पन दाबून करा की जरा!" रतनबाई म्हणाल्या. "आसं फुंकर घातल्यावानी केलं तर कवा व्हायचं?"

पुष्पावतीनं वरच्या भागावर ओलं फडकं पसरलं आणि इस्त्री त्यावर टेकवली. घरी ती अशीच टेकवायची, मनात दहा मोजायची आणि उचलायची. घोडेगावात तिच्या घराला व्होल्टेज एवढं कमी, की पंख्याची पाती मोजता यावीत. इस्त्रीचं बटण म्हणून कायम शेवटच्या खुणेवर. गेल्या कित्येक वर्षांत ते मागं फिरवायची वेळच आली नव्हती, आणि आजही तिच्या मनात ते आलं नाही.

कार्यालयात वीज भरपूर होती.

चार मोजेपर्यंत फडकं चर्र वाजलं. सहाला प्लास्टिक तापल्यासारखा वास आला. तिनं झटक्यात इस्त्री उचलली, फडकं ओढलं. इस्त्रीएवढी जागा चकाकत होती. टाके चपटे झाले होते, खांब एकमेकांवर कलंडून पडले होते. बोटानं उचललं तर ओल्या कागदासारखं लोंबलं.

"आगं माझे आई," ती एवढंच म्हणाली.

रतनबाई वाकल्या. त्यांनी चपट्या भागावरून हात फिरवला. "आवो, पन हे तर लई झ्याक बसलंय! सपाट, साटनीवानी. समदाच आसा करा. एकसारका दिसंल, चौकोनीबी व्हईल. सवितावहिनींचा भाग तर ह्याच्याबिगर सरळ व्हनारच न्हाई."

वाईट याचं, की बाईचं म्हणणं खरं होतं. खालच्या भागावरून अशीच तापती इस्त्री फिरवली असती तर तो घट्ट, हेकट, आत वळणारा लाल चौकोन मुकाट्यानं पसरला असता. रुखवतात देखणा दिसला असता. करणच्या आईनं हात लावून वा म्हटलं असतं. सवितानं मागितलं होतं ते झालं असतं.

पुष्पावतीनं इस्त्री उचलली. सविताच्या ओळींवर वीतभर उंच धरली. तिची धग खाली पोचत होती. खाली टाके एकाला एक चिकटून बसले होते, दातावर दात आवळल्यासारखे. दवाखान्यातल्या खाटेवरही सविता तशीच ओठ आवळून पडली होती, दुखतंय असं एकदाही म्हणाली नाही.

बाहेर कोणीतरी ओरडलं, "पावनी मंडळी आली! रुखवत झाकू नका, येताय्त!"

"टेकवा, पुष्पाताई! टेकवा!"

"न्हाई," पुष्पावती म्हणाली. "तिची लोकर मारायची न्हाई." तिनं इस्त्रीचं बटण मागं फिरवलं, अगदी पहिल्या खुणेपर्यंत, आणि इस्त्री फरशीवर उभी केली. मग भराभरा टाचण्या उपटल्या, कोपऱ्यातली शेवटची गाठ दातानं तोडली आणि दोरा ओढायला सुरुवात केली.

"काय करताय? आवो, उसवताय काय! येड लागलं का?"

मेलेल्या जागी दोरा चिकटला होता, तिथं तिनं हिसडा देऊन तोडला आणि पुढचं टोक पकडलं. मग मात्र ओळी धावत सुटल्या. तिचे सैल टाके एका ओढीत पाच पाच निघत होते. संक्रांत गेली, दिवाळीनंतरची संध्याकाळ गेली, बैलबाजाराच्या गोष्टी गेल्या. मांडीवर लाल ढीग साचत होता. रतनबाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. आत कोणी येऊ नये म्हणून, की आपलं आपल्यालाच काही सुचेना म्हणून, कोण जाणे.

आणि मग दोरा अडला.

पुष्पावतीनं पुन्हा ओढला. आला नाही. जोर लावला तरी टाका सुटेना. तिनं रुमाल डोळ्यांजवळ नेला. ओळीच्या बरोबर मध्यावर ती पोचली होती. पुढचा टाका सविताचा होता.

ती तो टाका दोन बोटांत धरून बसून राहिली. मग तिथंच एक गाठ मारली, आपल्याला जमेल तेवढी घट्ट.

नुकती चुडा भरून आलेली रेश्मा रतनबाईंना बाजूला सारून पिवळ्या साडीत दारात उभी राहिली. तिनं लाल ढीग पाहिला, मावशीच्या मांडीवरचा अर्धा रुमाल पाहिला.

"मावशे, तू तुजं समदं उसवलं?"

"माजं व्हय," पुष्पावती म्हणाली. "तिचं हाय तसं हाय."

रेश्मा पुढे आली. खाली बसून तिनं गाठीजवळच्या ओळीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि मेकअपवालीनं ओरडू नये म्हणून मान वर करून डोळे मिटले.

पुष्पावतीनं तो तुकडा पुन्हा टाचला. या वेळी इस्त्री खालच्या खुणेवर, फडक्यापासून बोटभर वर. कोपरे थोडे उलगडले, थोडे तसेच आखडलेले राहिले. ती त्यांच्या मागं लागली नाही. बाहेर पाहुण्यांचं चहापाणी होईतो तुकडा थंड झाला, तेव्हा तिनं तो स्वतः नेऊन रुखवताच्या टेबलावर, लाडवांच्या ताटापुढे ठेवला. वरची कड अर्ध्यावर पायरीसारखी तुटलेली.

करणची आई चष्मा सावरत एकेक वस्तू बघत आली. अंगानं भारी, बोलायला फटकळ, असं तिचं नाव होतं. रुमालापाशी थांबली.

"हे काय? आर्धंच? इणायला येळ पुरला न्हाई का कुनाला?"

मागच्या बायकांत कोणीतरी हसलं. पुष्पावती तोंड उघडणार, तेवढ्यात रतनबाईच पुढे झाल्या.

"न्हाई पुरला," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "आमच्या वहिनींनी केलाय. रेश्माच्या आईनं. हितपत्तुर केला न् गेल्या."

हसणं थांबलं. करणच्या आईनं चष्मा काढला. ओळीच्या एका टोकाला बोट ठेवून तिनं ते टाक्यांवरून सरकवत नेलं, गाठीपर्यंत. बोट तिथं थांबलं. थोडा वेळ तिनं ते उचललंच नाही. मग तिनं लाडवांचं ताट मागं सारलं, हळद-कुंकवाचा करंडा मागवला आणि रुमालाच्या त्या मोकळ्या कडेला, जिथं काहीच विणलेलं नव्हतं, तिथं टेबलावर बोटानं हळद-कुंकू लावलं.

"बाकीचं उचला दुपारी," ती म्हणाली. "ह्यो मी माज्या हातानं नेईन."

मंडपात मंगलाष्टकांची तयारी सुरू झाली. अक्षता वाटणारी मुलगी पुष्पावतीपुढं आली. तिनं ओंजळ पुढे केली. बोटांना लाल लोकरीचे तंतू चिकटले होते, दोऱ्याचे काच पडून बोटं सुजली होती. मुलीनं विचारलं, "हात पुसता का मावशी?"

पुष्पावतीनं नकारार्थी मान हलवली आणि अक्षता तशाच हातांत घेतल्या.