ओला गाल

रविवारची प्रार्थना संपली तरी चर्चमधून कोणी हललं नव्हतं. सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या शंभर वर्षं जुन्या चित्राकडे लागले होते. चित्रात एक संत तापाने फणफणलेल्या मुलीला बरं करत होता. चित्रकाराने संताची मान नको तितकी लांब ओढली होती, बोटं सूत कातायच्या चात्यांसारखी निमुळती केली होती. मुलीचा चेहरा मात्र राखेसारखा फिका पडला होता.

ब्रदर तेओफिलोने चांदीच्या वाटीत फडकं बुडवून तो चेहरा पुसला आणि बघता बघता मुलीच्या गालावर लाली चढली.

"संत जागा झाला," ब्रदर म्हणाला. "माझी प्रार्थना संपेपर्यंत लाली टिकली तर रोगी वाचला. उतरली तर..."

हे वाक्य तो कधीच पुरं करत नसे. उरलेलं काम लोकांची भीती करायची.

आज पाळी कापड रंगवणाऱ्या ओर्तेन्सियाची होती. तिची सात वर्षांची मुलगी लाविनिया दिवसाआड येणाऱ्या तापाने अंथरुणाला खिळली होती. गेल्या रविवारी म्हाताऱ्या मेओने डुकराची खारवलेली तंगडी आणली, तेव्हा ब्रदरची प्रार्थना दोन ओळींत आटोपली होती. ओर्तेन्सिया रिकाम्या हाताने आली होती. तिच्या वेळी ब्रदरची प्रार्थना संपता संपेना. गाल पुन्हा राखेसारखा झाला.

"पोरीला डॉक्टरांनी दिलेला झाडाच्या सालीचा काढा देतेस?"

"हो, ब्रदर."

"तरीच संत रुसलाय. ओतून टाक तो. आणि वेदीसाठी किरमिजी कापडाचा तागा घेऊन ये, मग पुन्हा विचारू."

"तागा अजून ओला आहे," ती सवयीने बोलून गेली. "वाळला की रंग फिका पडेल, तेव्हा..."

ती तिथेच थांबली. रंगाऱ्याकडे ओल्या कापडावर कधी सौदा होत नाही. ओला रंग भरून दिसतो, वाळला की उतरतो, हे तिला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. आणि तीच बाई महिनाभर या गालाला भिऊन झोपली नव्हती.

दाराशी फरशी पुसायची बादली होती. तिने डोक्यावरचा रुमाल तीत बुडवला.

"हात झडेल तुझा," ब्रदर ओरडला.

झडेल, असं तिलाही वाटत होतं. तरी तिने चित्रातल्या मुलीचा गाल पुसला. गढूळ पाण्यानेही लाली चढली. तिने संताचे पाय पुसले, तेही गुलाबी झाले.

"आता प्रार्थना नको. नुसतं बघत बसा."

लोक बसले. गाल कडेकडेने वाळत गेला आणि लाली उतरली.

"म्हणजे माझी तंगडी फुकट गेली," मेओ म्हणाला.

"पोरगी गेली तर मला बोल लावू नकोस," ब्रदर दात खाऊन म्हणाला.

हे शब्द घरापर्यंत तिच्या मागे आले. लबाडी उघडी पडली, पण भीती गेली नव्हती. तिने काढा गरम केला.

"संत रागावेल ना, आई?" लाविनियाने विचारलं.

"ते चित्र आहे, बाळा. ओलं केलं की रंगतं, वाळलं की विटतं. मलाही भीती वाटते गं. पण घाबरायचंच तर तापाला घाबरू या, त्याच्यावर औषध तरी आहे. तोंड उघड."