पिठातले डोळे

नंदकुमार खांडवे ज्या पिशवीला तीन महिने जिवापाड जपत होता, तिच्यात दिसायला मूठभर तपकिरी भुगा होता. बागवाले त्याला पीट म्हणतात. त्या पीटमध्ये मोहरीएवढी अंडी होती, आणि अंड्यांत टांझानियातल्या एका ओढ्याकाठच्या डबक्यातला मासा. लांबी बोटाच्या दोन पेरांएवढी, शास्त्रीय नाव त्याच्या चौपट. डबकं आटलं की हे मासे मरतात आणि अंडी चिखलात पावसाची वाट बघत पडतात. पण ते डबकंच बुजवून आता तिथे भात लावला होता. असे मासे पाळणाऱ्या टोरांटोच्या मैत्रिणीकडचे, ऑरलीकडचे, शेवटचे मासेही हिवाळ्यात गेले. उरली ही एक पिशवी. ती तिने नंदूवर मोठ्या विश्वासाने सोपवली, कारण आधी विचारलेले दोघे फोन उचलत नव्हते.

सरे शहरातल्या त्याच्या घराचं बेसमेंट गार, म्हणून नंदूने पिशवीवर 'पीट – १५ मे २००९' असं लिहून ती स्वयंपाकघरातल्या उबदार कपाटात ठेवली. त्या तारखेला संध्याकाळी तो तिच्यावर पाऊस पाडणार होता. म्हणजे पातेलंभर पाणी ओतणार होता.

त्याच दिवशी दुपारी बर्नाबीच्या ऑफिसातून त्याने घरी सहज फोन केला. नागपूरहून आलेल्या आई, अरुणाबाई, चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. तुझं शुद्धलेखन अजून तसंच आहे, त्या म्हणाल्या. पिशवीवरच्या ट चा मी ठ केलाय. आणि ती नाचणी सकाळीच भिजवली, आंबिलीला.

नंदू मीटिंग, जॅकेट आणि डबा तिथेच टाकून स्कायट्रेनकडे धावला. गाडीत बसल्या बसल्या पुन्हा फोन लावला.

"आई, शेगडी लावलीस का?"

"आंबल्याशिवाय कशी लावीन? पण नंदू, तुमच्या इथल्या पिठात किडे आहेत रे. सिंकमध्ये ओततच होते."

"ओतू नकोस. हात लावू नकोस. कसे दिसतात?"

"नुसते डोळे. टकमक बघतायत माझ्याकडे."

नंदूच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या सरदारजींनी प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "बेटा हुआ?"

"एक मिनट," म्हणून नंदूने आईला मोजायला लावलं. मग म्हणाला, "तेईस."

सरदारजी पुढच्याच स्टेशनवर उतरले.

घरी पोचेपर्यंत तेवीसचे एकतीस झाले होते. पातेल्याशेजारी खुर्ची टाकून अरुणाबाई हजेरी घेत होत्या; एक सारखा तळाशी बसतो म्हणून त्याच्यावर त्यांचं विशेष लक्ष होतं. नंदूने जमिनीवरच बसकण मारून ऑरलीला फोन लावला आणि सगळं कबूल केलं.  तिने एवढंच विचारलं, काकूंनी पाण्यात आणखी काही घातलं का? नंदूने तेच आईला विचारलं.

"चिमूटभर मीठ," अरुणाबाई म्हणाल्या. "अळणी कोण पिणार?"

नंदूने डोळे मिटून निरोप पोचवला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"अरे, तेवढंच घालायचं असतं," ऑरली म्हणाली. "तुला सांगायची मीच विसरले होते."

अरुणाबाईंनी फोनकडे कौतुकाने पाहिलं. "हुशार आहे मुलगी. मूळची कुठली?"

"अलिबागची ज्यू."

"तरीच मिठाचं कळतं," म्हणून त्यांनी पुन्हा पातेल्यात डोकं घातलं. "बत्तीस."