रशियाच्या राजाचा अर्धा कागद

पहिल्या महायुद्धात डिंगोऱ्याच्या रखमाजीने इराणच्या सरहद्दीवर इंग्रजांची खेचरं हाकली. तिथे थंडीने काकडणाऱ्या एका रशियन शिपायाला त्याने आपली घोंगडी दिली. शिपायाने बदल्यात आपल्या राजाचा छापील कर्जरोखा, म्हणजे बाँड, दिला आणि आमचा राजा याचे पैसे देईल, असं खुणेने सांगितलं. पुढे त्या राजालाच गोळ्या घातल्या. ही बातमी डिंगोऱ्यात पोचेपर्यंत बाँडाला फ्रेम झाली होती आणि लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू चालू झालं होतं.

बाँडावर दोन डोक्यांचा गरुड होता. १९९१ साली रखमाजीचे नातू दादाभाऊ आणि सावळेराम वेगळे झाले, तेव्हा पंचांनी भांडी, बैल, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, सगळं सारखं वाटलं. उरला बाँड. पंचांनी कात्री मागवली आणि दोघांना एकेक डोकं दिलं. इतकी चोख वाटणी तालुक्यात दुसरी नसेल. पुढे पाण्याच्या पाळीवरून भावांनी एकमेकांवर खोरं उगारलं. धाकटा सावळेराम बायकोच्या गावी, डिंभ्याला, राहायला गेला. बोलणं बंद.

१९९७ साली दादाभाऊचा मुलगा भरत, बी.कॉम., भेळीचा कागद वाचत आला. रशिया जुन्या राजाच्या बाँडांचे पैसे देणार होता. बातमीचा खालचा भाग चिंचेच्या पाण्याने गेला होता.

"पण अख्खा बाँड पायजे, आण्णा."

दादाभाऊ आपलं डोकं कोपरीच्या खिशात घालून डिंभ्याच्या एसटीत बसला.

सावळेराम खाटेवर होता. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या.

"या पावणं," भावजय सोनीबाई म्हणाली. "वाट चुकला का?"

"दादा!" सावळेराम उठायला धडपडला. "मी आजारी हाय, तुला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं.

"सांगाया कशाला लागतंय?" दादाभाऊ म्हणाला.

सावळेरामने कोंबडी कापायला लावली. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला खाटेवरून ओरडून सांगितलं, "आमचा दादा आलाय. मला बघाया!" संध्याकाळची एसटी आलीच नाही, म्हणून दादाभाऊ राहिला. बाँडाचं नाव काढायला जीभ उचलेना.

सकाळी निघताना तो भावाला कवटाळायला वाकला आणि खिशातलं डोकं सावळेरामच्या छातीवर पडलं.

सावळेरामने ते उलटसुलट करून पाहिलं.

"सोने, आपलं डोकं काढ. दादाला न्यायचंय."

"आरं, मी तुलाच..."

"एसटी जाईल, दादा."

भरतने खळ लावून डोकी जोडली. मग जुन्नरच्या वाचनालयात त्याला अख्खी बातमी सापडली. पैसे फक्त फ्रान्सच्या नागरिकांना. त्याने त्या नागरिकत्वाचीही एक-दोघांकडे चौकशी केली.

पंधरवड्यात सावळेराम गेला.

दहाव्याला घोड नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून राहिले.

"तुमच्या पोरीचं लगीन मी करीन," सोनीबाईचा भाऊ म्हणाला. कावळे हलले नाहीत.

"सोनीला अंतर देणार नाय." तरी नाहीत.

लोक दादाभाऊकडे बघायला लागले. त्याने जोडलेला बाँड पिंडाजवळ ठेवला, उडू नये म्हणून वर खडा ठेवला.

"सावळ्या, तुलाच बघाया आलो व्हतो रं."

एका कावळ्याने मान वाकडी करून बाँडाकडे पाहिलं. उतरला नाही.

ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. तो लगेच शिवला.

माणसं उठली. दादाभाऊ बसूनच होता.

"उठा पावणं," सोनीबाई म्हणाली. "एसटी जाईल."